तीन ग्लास, दोन चिठ्ठ्या

"बोल," पप्पा म्हणाले आणि त्यांनी ग्लास माझ्या नाकाखाली सरकवला.

पणजीतलं ते आमचं तिसरं हॉटेल. दुपारचे साडेबारा वाजले होते. चार खुर्च्यांच्या टेबलाला आम्ही दोघंच, उरलेल्या एका खुर्चीवर माझी सॅक आणि दुसरीवर पप्पांची टोपी. पप्पांनी शिकवल्याप्रमाणे मी आधी दोन छोटे श्वास घेतले, मग तोंड मिटून एक लांब.

"लोणी," मी म्हणाले. "पण घरचं नाही. थिएटरमध्ये पॉपकॉर्नवर ओततात ना, तसलं."

पप्पांनी खिशातली डायरी काढून ते लिहिलं. मग एक घोट घेतला, ग्लास बाजूला ठेवला आणि उठले.

"चांगली नाही?"

"तूच म्हणालीस ना लोणी येतंय. लोणी यायला नको."

भरलेला ग्लास बघून वेटर घाबरला. सरांना काही चुकीचं लागलं का, असं त्याने मला विचारलं. मी त्याला हिंदीत सगळं समजावून सांगितलं, की काका, बिअर टाकीतून घाईने काढली की असं लोणी राहतं, अजून दोन दिवस ठेवायला हवी होती. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी आठवीत होते, वेण्या घालत होते आणि नुकतीच जिल्हास्तरीय वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. त्या दिवसांत मला कुणाचीच भीती वाटत नसे.

गैरसमज नको. मी तेव्हाही बिअरचा थेंब तोंडात घेतला नव्हता आणि आता दहावीतही घेतलेला नाही. पण दुसऱ्यांच्या घरी वडिलांची बँक असते, दुकान असतं, तशी आमच्या घरी बिअर होती. पप्पा वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यात एकोणीस वर्षं चाखणीच्या पॅनलवर होते. रोज सकाळी अकरा वाजता पाच माणसं एका पांढऱ्या खोलीत बसायची, रंग दिसू नये म्हणून गडद लाल काचेचे ग्लास घ्यायची आणि आजचा माल बाहेर जाऊ द्यायचा की नाही ते ठरवायची. तिसरीत असताना शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' पुढे मी 'बिअर पिणे' असं लिहिलं होतं आणि आईला शाळेत बोलावून घेतलं होतं.

त्या अकरा वाजण्याभोवती आमचं सगळं घर फिरायचं. कामाच्या दिवशी पोह्यांत कांदा नाही. पप्पा निघेपर्यंत देवापुढे उदबत्ती नाही. आईला गजरा नाही, मला वासाचा खोडरबर नाही. आणि पॅनलचा सगळ्यांत मोठा नियम मला पाढ्यांच्या आधीपासून पाठ होता: चाखताना बोलायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. एकाने नाक मुरडलं की उरलेल्या चौघांना चांगल्या मालातही घाण वास यायला लागतो. म्हणून प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पालथी घालायची आणि सगळ्यांच्या एकदम उघडायच्या.

रविवारी आम्ही घरीच पॅनल भरवायचो. तीन वाट्या, दोन सारख्या, एक वेगळी. दोन नळाच्या पाण्याच्या, एक माठातल्या पाण्याची. दोन म्हशीच्या दुधाच्या, एक गाईच्या. वेगळी कोणती ते ओळखायचं. मी दगडासारखा चेहरा करून बसायचे आणि बहुतेक वेळा जिंकायचे.

मग जूनमध्ये पप्पांना आठ दिवस ताप आला. ऑगस्टमध्ये त्यांनी नोकरी सोडली. नवा मॅनेजर कुणाचं ऐकत नाही, एवढंच घरात सांगितलं. रविवारच्या वाट्या बंद झाल्या. पप्पा गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायचे. मी वक्तृत्वाची ढाल घेऊन घरी आले, त्यांच्यासमोर उभं राहून आठ मिनिटांचं अख्खं भाषण हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं. ते "छान" म्हणाले. आई अंगणवाड्यांची सुपरवायझर, दिवसभर गावोगाव फिरून संध्याकाळी थकून यायची. घरात मी तिघांच्या वाटचं बोलत होते आणि ऐकायला कुणी नव्हतं.

दिवाळीच्या आधी केंकरेंचा फोन आला. हे केंकरे कधीतरी वर्षभर पप्पांबरोबर वाळूजला होते आणि आता त्यांनी पणजीत स्वतःची छोटी ब्रुअरी काढली होती. चार टाक्या, थोडाच माल, सगळं हाताने. त्यांना असा माणूस हवा होता जो प्रत्येक टाकी उघडण्याआधी चाखून 'सोड' किंवा 'थांब' म्हणेल. पप्पांना ते म्हणाले, की गोव्यात बिअरला छान म्हणणारे पुष्कळ आहेत, मला नको म्हणणारा पाहिजे. आधी तीन दिवस शहरात फिर, कोण चांगली बनवतंय ते शोध, लिहून आण. मग माझी चाख. जमलं तर जानेवारीपासून ये.

आईला रजा नव्हती. ती बसस्टँडवर आली, खिडकीतून तिने माझा हात धरला आणि हे काम झालं पाहिजे, पप्पांना दुसरीकडे आता कोण घेणार, असं हळूच म्हणाली. मग म्हणाली, त्यांच्याकडे लक्ष दे. मला वाटलं, पप्पा रस्ता चुकतात म्हणून म्हणते आहे. रात्रभराच्या प्रवासात मी पणजीतली शाळा ठरवली, नदीकाठचं घर ठरवलं आणि गोवा राज्याची वक्तृत्व स्पर्धा जिंकूनही टाकली.

पण सुट्टीचं शहर दोघांनी बघायचं नसतं. जिथे जावं तिथे माणसं घोळक्याने. सारखे शर्ट घातलेले मित्र, एकमेकांच्या ताटातलं उचलणाऱ्या मैत्रिणी, तीन पिढ्या घेऊन आलेली घरं. मी एकटी रिकामी दिसायचे म्हणून सगळे माझ्याच हातात फोन द्यायचे आणि फोटो काढायला सांगायचे. तीन दिवसांत मी पन्नासेक तरी फोटो काढले असतील. त्यांतल्या एकातही मी नाही आणि पप्पाही नाहीत.

तरी मी खूश होते, कारण प्रत्येक टेबलावर पप्पा ग्लास सरकवून "बोल" म्हणत होते. पाच महिन्यांनी कुणालातरी माझं ऐकायचं होतं. मग मी काय थांबते. एका ग्लासात मला कच्च्या सफरचंदाची साल आली, एकात बसस्टँडवरच्या पातेल्यातला उकडलेला मका. मिरामारच्या बाजूच्या एका झगमगीत हॉटेलातल्या बिअरला तर असा वास होता, की मी म्हणाले, पप्पा, शाळेच्या व्हरांड्यात पावसात भिजलेला वह्यांचा खोका. पप्पांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. मी एवढी फुशारले की दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या बेसिनजवळचा साबणही वापरला नाही, नाकाला त्रास नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोंतेन्याशच्या गल्लीत, निळ्या भिंतीच्या एका घरात, ती सापडली. दहा-बारा खुर्च्यांची जागा. मी वास घेतला आणि पुन्हा एकदा घेतला. संत्र्याची साल होती, भाजलेले धणे होते आणि या सगळ्याच्या खाली नुकत्याच निघालेल्या पावाची ऊब.

"हीच," मी म्हणाले. "पप्पा, हीच चांगली आहे."

पप्पांनी तो ग्लास पहिल्यांदाच पूर्ण प्यायला. हळूहळू, खिडकीबाहेर बघत. मी विचारलं, कशी आहे?

"तू म्हणालीस तशीच," ते म्हणाले.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकोणीस वर्षं पॅनलवर बसलेला माणूस मला असं म्हणत होता.

चौथ्या दिवशी आम्ही केंकरेंकडे गेलो. ते हाफ पँट आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट अशा वेशात समोर आले, हातात पाण्याचा पाइप. पप्पांना त्यांनी ओल्या हातांनीच मिठी मारली. मला म्हणाले, "ये गो बाय. बापाला सांभाळायला आलीस की बापूस तुला?" मी म्हणाले, दोन्ही. त्यांना ते आवडलं. टाक्या दाखवल्या, जिना दाखवला, वरच्या दोन खोल्या दाखवल्या, हव्या तर तिथेच राहा म्हणाले. खिडकीतून मांडवीचा एक तुकडा दिसत होता. माझं तर सामान लावून झालं होतं.

मग खाली लाकडी टेबलाशी बसून त्यांनी पप्पांची डायरी वाचायला घेतली. वाचता वाचता हसायला लागले.

"पावसात भिजलेला वह्यांचा खोका," त्यांनी मोठ्याने वाचलं. "काय लिहिलंयस मरे, औताडे. तिथली मी पण प्यायलोय. अगदी हेच. पण मला शब्द नव्हता मिळत. आणि फोंतेन्याशची बरोबर पकडलीस. आमच्या धंद्यातले चार लोक सोडले तर कुणाला माहीत नाही ती जागा."

मी पप्पांकडे बघितलं. आता ते म्हणतील, हे हिचं आहे. पप्पा टाक्यांकडे बघत होते. केंकरेंनी मका वाचला, सफरचंद वाचलं, पॉपकॉर्न वाचून टेबलावर थाप मारली. प्रत्येक वेळी मी थांबले. पप्पा एकदाही माझं नाव घेईनात.

ते मला टोचलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच टोचलं.

केंकरे म्हणाले, आता नुसता उपचार, तरी करून टाकू. आत जाऊन ते तीन गडद ग्लास घेऊन आले, खडूने एक, दोन, तीन लिहिलेले. "सुरुवात सोप्प्याने. दोन सारखे, एक वेगळा. वेगळ्यात मी काय ते घातलंय, माझ्या आईला पण कळेल आणि ती नव्वदची आहे."

"मलाही द्या," मी म्हणाले.

"ती नको," पप्पा पटकन म्हणाले.

आता मात्र मी ऐकणार नव्हते. म्हणाले, मी फक्त वास घेते, पीत नाही, रविवारी घरी नेहमी खेळतो आम्ही. केंकरे हसले आणि माझ्यासाठीही तीन ग्लासांत बोट-बोटभर ओतून घेऊन आले. दोन चिठ्ठ्या, दोन पेन्सिली.

पहिल्यात पाव. दुसऱ्यात ओला पुठ्ठा, इतका ढळढळीत की मी जरा हिरमुसलेच. तिसऱ्यात पुन्हा पाव. मी चिठ्ठीवर लिहिलं आणि मान वर केली.

पप्पा माझ्याकडे बघत होते.

त्यांचे तिन्ही ग्लास अर्धे झाले होते. त्यांनी पहिला पुन्हा उचलला, मग तिसरा, मग दुसरा, आणि परत माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, नियम पाळते आहे का ते बघतायत. मी चेहरा दगडाचा केला. डोळेसुद्धा हलू दिले नाहीत. आयुष्यात इतका चांगला चेहरा मी कधी केला नव्हता.

पप्पांनी दुसरा ग्लास दोन बोटांनी माझ्या बाजूला थोडासा सरकवला. तीन दिवस प्रत्येक टेबलावर सरकवत होते, अगदी तसाच. बोलले काही नाहीत.

वर्गात भक्ती सोळुंके माझ्या पेपरात वाकून बघायला लागली की मी जे करते तेच केलं. डावा तळहात पसरून चिठ्ठीवर ठेवला.

"पप्पा," मी म्हणाले, "चिठ्ठ्या उघडेपर्यंत बोलायचं नसतं."

केंकरे खो खो हसले. शिकवलंयस हं पोरीला, म्हणाले. पप्पासुद्धा हसले. मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि लिहिलं.

केंकरेंनी आधी माझी चिठ्ठी उघडली. "दोन. ओला पुठ्ठा. शाब्बास गो बाय," आणि माझी पाठ थोपटली. मग पप्पांची उघडली. बटण बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तसं त्यांचं हसू थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं आणि मग थांबलं.

मी वाकून बघितलं. पप्पांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'तीन'. आणि त्याखाली, 'लोणी'.

केंकरेंनी पप्पांचा दुसरा ग्लास उचलून स्वतःच्या नाकाशी नेला आणि खाली ठेवला. चिठ्ठीची घडी घातली, आणखी एक घातली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "औताडे, कधीपासून?"

"जूनपासून."

"कायच नाही?"

"काहीच नाही."

मी म्हणणार होते, काय काहीच नाही? पण तोंड उघडायच्या आतच मला कळलं. आधी चिठ्ठी कळली, मग फोंतेन्याशचा तो ग्लास, मग तीन दिवसांतला प्रत्येक ग्लास, एकामागून एक. पप्पांच्या तापात आईने सकाळीच उदबत्ती लावायला सुरुवात केली होती आणि ते पुन्हा कामावर जायला लागल्यावरही त्यांनी तिला थांबवलं नव्हतं, तेही तेव्हाच कळलं.

कधीकधी परत येतो वास, केंकरे म्हणाले. डॉक्टरही तेच म्हणतात, पप्पा म्हणाले. केंकरेंनी डायरीची पानं पुन्हा एकदा चाळली, या वेळी न हसता, आणि ती मिटून पप्पांना नाही, मला दिली. पप्पांना म्हणाले, टाक्यांजवळ बसवायला मला नाकच पाहिजे रे, काय करू. दुसरं काही काम बघतो तुझ्यासाठी, बाटल्यांचं वगैरे. पप्पांनी हात जोडले. मग जेवून तरी जा, असा केंकरेंनी खूप आग्रह केला. आमची बस आहे, पप्पा म्हणाले. बस दुसऱ्या दिवशी होती.

आम्ही चालत चालत नदीपर्यंत आलो आणि कठड्यावर बसलो. ऊन कलतं होतं. समोर पाण्यात मोठमोठ्या बोटी उभ्या, काठावर माणसंच माणसं. एका बाईंनी माझ्यापुढे फोन धरला, फोटो काढशील का म्हणून. मी नाही म्हणाले. त्या जरा रागावूनच गेल्या.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू मला उत्तर दाखवलं असतंस."

"हो. दाखवलंच असतं."

"म्हणूनच."

"मग माझ्याकडे बघत कशाला होतात?"

पप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बघायचं नाही असं ठरवून आलो होतो." आणि थोड्या वेळाने, "तू हात ठेवलास ते बरं झालं, नंदू."

माझा त्यावर तेव्हा विश्वास बसला नाही. अजूनही बसत नाही. टेबलाच्या पलीकडे, हातभर अंतरावर ते बसले होते आणि मी माझ्या मेहनतीने केलेला दगड त्यांच्यापुढे धरून बसले होते.

मला रडायचं नव्हतं, म्हणून मी भांडले. म्हणाले, मला वाटलं होतं तुम्हाला माझ्याशी बोलायचंय. तुम्हाला तर नुसतं माझं नाक पाहिजे होतं.

पप्पांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. "तू मका म्हणालीस की मका आठवायचा," ते म्हणाले. "वास नाही यायचा. पण आठवायचा. पाच महिन्यांत तेवढंच." मग समोर बघतच बोलत राहिले, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सकाळचा चहा म्हणजे गरम पाणी असतं. आंघोळ केली काय, न केली काय. कारखान्यात दोन महिने त्यांनी शेजारच्या जोशींच्या भुवयांकडे बघून चिठ्ठ्या लिहिल्या आणि मग एक खराब माल बाहेर गेला. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. मॅनेजर चांगला होता बिचारा.

"सगळ्यांत वाईट काय आहे सांगू? संध्याकाळी घराचं दार उघडतो ना, तर आपलं घर वाटत नाही. रोज कुणाच्या तरी परक्या घरात शिरल्यासारखं वाटतं. तुम्ही दोघी आत असता, तरी."

"आईला माहितीये?"

"नाही."

"सांगा मग."

"कितीदा ठरवलं. ती दमून येते." त्यांनी खिशातून फोन काढला, हातात फिरवला आणि माझ्या पुढ्यात धरला. "तू सांग. तू चांगलं बोलतेस."

मी फोन लावला. आईने पहिल्याच रिंगला उचलला, बहुतेक हातातच धरून बसली होती. मागे तिच्या ऑफिसमधल्या बायकांचा आवाज येत होता. झालं का गं काम, तिने विचारलं. काय म्हणाले केंकरे? जेवलात का?

मी तोंड उघडलं. पाचशे माणसांसमोर आठ मिनिटं न अडखळता बोललेली मी. सुरुवात कशी करायची तेच मला कळेना. जी वाक्यं डोक्यात येत होती ती सगळी भाषणातली वाटत होती.

"हॅलो? नंदू? ऐकू येतंय का? पप्पा कुठायत?"

पप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. कानाला लावला. दुसऱ्या हाताने कठड्याची कड घट्ट धरली.

"सुनंदा, मी बोलतोय," ते म्हणाले. "ऐक. मला जूनपासून कशाचाच वास येत नाही. म्हणून ते काम नाही मिळालं. वाळूजचंही त्याच्यामुळेच गेलं."

पलीकडे ऑफिसचा आवाज हळूहळू कमी होत गेला. आई बाहेर आली असावी. मग ती काहीतरी विचारू लागली, एकेक. मला तिचं ऐकू येत नव्हतं, फक्त पप्पांचं येत होतं.

"हो, ताप गेल्यापासून."

"नाही. जेवणाचाही नाही."

"देवघरातलाही नाही."

मग आईने आणखी काहीतरी विचारलं, लहानसंच असावं, कारण पप्पांनी लगेच डोळे मिटून घेतले. मी कठड्यावरून उतरले आणि चार पावलं लांब जाऊन पाठमोरी उभी राहिले. तरी ऐकू आलंच.

"नाही," पप्पा म्हणाले. "तुझाही नाही."